तारेआडच्या पोरांची कादंबरी

भटक्या-विमुक्तांचं दुःख मराठीत आलं ते मुख्यतः आत्मकथनांतून. लक्ष्मण मानेंचं 'उपरा', लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या'. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण आत्मकथन लिहितो तो शिकून बाहेर पडलेला माणूस. शाळेतून अर्ध्यावर पळालेलं, मुकं झालेलं पोर लिहीत नाही. त्याची गोष्ट कादंबरीनेच सांगायला हवी. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने यांच्यातल्या कित्येक जमातीच गुन्हेगार ठरवल्या; १९२४च्या कायद्यात तर मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवण्याची तरतूद होती. अशा जमातींना डांबून ठेवणाऱ्या सोलापूरच्या सेटलमेंटचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. तारेचं कुंपण, हजेरी आणि प्रार्थना एकाच आवारात. सरकारी दप्तरात हजेरी सापडते. रात्री आईच्या बोलीत रडणारं पोर सापडत नाही.

कुणी म्हणेल, मिशनऱ्यांनी अक्षरओळख दिली, हे विसरू नका. विसरायचं नाहीच. पण अक्षर देताना बोली, देव आणि आईबाप यांची लाज शिकवली असेल, तर त्या लाजेचाही हिशेब मांडावा लागतो. दुसरा आक्षेप, कल्पित लिहिण्यापेक्षा पुरावे द्या. कॅनडात आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांबद्दल सत्यशोधन आयोगाने हजारोंच्या साक्षी घेतल्या, २०१५मध्ये अहवाल दिला. आयोगाचं काम चालू असतानाही तिथे रिचर्ड वॅगमीज यांना 'इंडियन हॉर्स' ही कादंबरी लिहावी लागली. शाळेतून सुटलेला मुलगा मोठेपणी दारूत का बुडतो आणि आपल्या माणसांत कसा परततो, हे साक्षीच्या कागदावर मावत नाही. आपल्याकडे तर अशा साक्षीही कुणी घेतल्याचं ऐकिवात नाही. कायदा १९५२मध्ये गेला. तेव्हाची पोरं आता नव्वदीकडे झुकलेली.

बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडच्या परिसरात ही गोष्ट परकी वाटू नये. बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तेव्हा काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात. ती सेटलमेंट नव्हे. मूल तोडणीच्या फडात जाण्यापेक्षा शाळेत राहिलेलं केव्हाही बरं. तुलना जुळते ती एवढ्यापुरतीच, की दोन्हीकडे मुलाच्या भल्याचा निर्णय मोठ्यांनी घेतला आणि त्याला काय वाटलं हे विचारायचं राहून गेलं. अशा कादंबरीने अत्याचाराच्या प्रसंगावर थांबू नये. सुट्टीत पालावर परतलेल्या पोराला आजी तिच्या बोलीत हाक मारते, त्याला शब्द कळतो, पण ओ देता येत नाही. तिथून पुढची दोनशे पानं कुणीतरी लिहायला घ्यावीत.