पेटी लिनक्सची, घर दुसऱ्याचं!

रत्नागिरीचा हापूस वाशी मार्केटला सुटा जात नाही, बॉस. पेटी, तळाला पेंढा, त्यावर आंबे, बाहेर बागेचं नाव. कॉम्प्युटरमधलं ‘पॅकेजिंग’ म्हणजे डिट्टो हेच काम. आणि माझ्या मते ते सॉफ्टवेअर लिहिण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

फ्रीबीएसडीचंच बघा ना. १९९३ पासूनची ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्ससारखीच युनिक्सच्या वळणाची. दणकट इतकी, की नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पोचवणारे सर्व्हर हिच्यावर चालतात. पण बहुतेक कंपन्या विंडोज, मॅक आणि फार तर लिनक्सपुरतंच सॉफ्टवेअर काढतात. सोर्स कोड खुला असेल तर टेन्शन नाही, इथे नव्याने कंपाइल करायचा. पण सब्लाइम टेक्स्टसारखा एडिटर? त्याचा कोड बंद!

इथे कामाला येतो लिनक्सुलेटर. हा फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये बसलेला दुभाषा. लिनक्सचा प्रोग्रॅम म्हणतो ‘फाइल उघड’, हा ते यजमानाला समजावतो. अख्ख्या मशीनची नक्कल करायची नसल्यामुळे वेग फारसा मार खात नाही. प्रोग्रॅम लिनक्सचा आहे हे कर्नल त्याच्यावरच्या ‘ब्रँड’च्या खुणेवरून ओळखतो. प्रोग्रॅमला लागणाऱ्या लिनक्सच्या लायब्ररी म्हणजे आपला पेंढा. त्या ‘/कॉम्पॅट/लिनक्स’ या फोल्डरमध्ये असतात आणि कर्नल आधी तिथेच शोधतो. प्रोग्रॅमला बिचाऱ्याला वाटतं, आपण घरीच आहोत!

पेटी भरणारा काय करतो? फाइल कुठून आणायची, कुठे ठेवायची, सोबत काय लागेल, हे लिहितो. शिवाय फाइलची ‘चेकसम’ नोंदवतो. डाउनलोडमध्ये एक अक्षर बदललेलं निघालं तरी इन्स्टॉल थांबतं. हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळूनही परराज्यातला आंबा ‘रत्नागिरी’ म्हणून खपतो. इथे ती चलाखी चालत नाही.

पण पेंढा जुना होतो. बरीच वर्षं या पॅकेजेसचा आधार होता सेंटओएस ७. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्याही बंद. मग रॉकी लिनक्स ९ वर नवा संच उभा राहिला. त्या रॉकीला २०३२ पर्यंत सपोर्ट आहे. हे काम कोणी केलं? बहुतांशी स्वयंसेवकांनी. म्हणून ऑफिसचं काम अशा पॅकेजवर टाकण्याआधी दोन प्रश्न विचाराच: पेटी कोणी भरली आणि पेंढा कधीचा? आणि हो, सगळंच चालतं असं नाही. लिनक्सचे ड्रायव्हर हा दुभाषा चालवू शकत नाही.

फ्रीबीएसडीत वाली नसलेलं पॅकेज कोणीही दत्तक घेऊ शकतं. त्यासाठी हिंजवडीत डेस्क लागत नाही; लॅपटॉप, नेट आणि चिकाटी पुरते. पेट्या भरण्यात पिढ्या घालवलेल्या रत्नागिरीकरांना हे जमणार नाही होय?