विश्लेषण : विद्यापीठे एक झाली, संघांचे काय?

विद्यार्थी घटले आणि तिजोरी आटली की सरकारला विद्यापीठांच्या विलीनीकरणाचा मार्ग सुचतो. अमेरिकेत गेल्या दशकात असे प्रयोग अनेक राज्यांनी केले. त्यातील जॉर्जिया आणि पेनसिल्व्हेनिया या दोन राज्यांनी खेळांबाबत मात्र अगदी उलट निर्णय घेतले. ते आपल्यासाठीही महत्त्वाचे आहेत.

जॉर्जियात काय घडले?

सव्हाना शहरातील आर्मस्ट्राँग स्टेट विद्यापीठ तासाभराच्या अंतरावरील जॉर्जिया सदर्न विद्यापीठात विलीन करण्याचा निर्णय जानेवारी २०१७ मध्ये झाला आणि वर्षभरात तो अमलातही आला. आर्मस्ट्राँगच्या टेनिसपटूंनी ‘डिव्हिजन टू’ची अनेक राष्ट्रीय विजेतेपदे पटकावली होती. पण जॉर्जिया सदर्नचे संघ वरच्या ‘डिव्हिजन वन’मध्ये खेळतात. नवे विद्यापीठ एक, म्हणून संघही एकच, असे ठरले. विलीनीकरणाआधीच, २०१६-१७ चा हंगाम संपताच आर्मस्ट्राँगचे सगळे संघ बंद झाले. त्याआधी सदर्न पॉलिटेक्निक हे विद्यापीठ केनेसॉ स्टेटमध्ये मिसळले, तेव्हाही त्याचे संघ असेच इतिहासजमा झाले होते.

पेनसिल्व्हेनियाने वेगळे काय केले?

या राज्याच्या १४ सरकारी विद्यापीठांत २०१० मध्ये सुमारे १ लाख २० हजार विद्यार्थी होते. २०२२ पर्यंत ही संख्या ८५ हजारांच्या आसपास आली. १ जुलै २०२२ रोजी सहा विद्यापीठांची दोन झाली. कॅलिफोर्निया (हे पेनसिल्व्हेनियातलेच एक गाव), क्लॅरियन आणि एडिनबरो मिळून ‘पेनवेस्ट’ झाले. ब्लूम्सबर्ग, लॉक हेवन आणि मॅन्सफिल्ड यांचे ‘कॉमनवेल्थ युनिव्हर्सिटी’ झाले. कुलगुरू एक, प्रशासन एक. पण प्रत्येक परिसराचे संघ वेगळे राहिले. महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था ‘एनसीएए’नेही त्याला मान्यता दिली. त्यामुळे आज पेनवेस्टचे तीन संघ एकाच साखळी स्पर्धेत खेळतात आणि एकमेकांनाच हरवतात!

संघ राखणे ही निव्वळ भावनिकता का नाही?

अमेरिकी महाविद्यालयीन खेळ म्हटले की आपल्याला तुडुंब स्टेडियम आणि दूरचित्रवाणीचे कोट्यवधींचे करार आठवतात. छोट्या विद्यापीठांचे गणित निराळे असते. ‘डिव्हिजन टू’मध्ये बहुतेक खेळाडूंना पूर्ण नव्हे, तर अंशतः शिष्यवृत्ती मिळते. उरलेले शुल्क, वसतिगृह आणि खानावळीचे पैसे ते स्वतः भरतात. म्हणजे प्रशिक्षक संघ बांधतो, तेव्हा तो विद्यापीठासाठी शुल्क भरणारे विद्यार्थीच गोळा करत असतो. संघ बंद केला की वाचलेला खर्च लगेच ताळेबंदात दिसतो. त्या संघासाठी येणारा, पण आता न येणारा विद्यार्थी मात्र कुठेच दिसत नाही.

शिवाय प्रश्न गावाचाही आहे. क्लॅरियनसारख्या लहान गावातील कुस्ती ‘डिव्हिजन वन’मध्ये लढली जाते. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणारा कर्ट अँगल याच विद्यापीठाचा. असा आखाडा बंद झाला, तर गावाकडे अभिमानाने सांगण्यासारखे काय उरणार?

मग पेनसिल्व्हेनियाचा प्रयोग यशस्वी म्हणायचा का?

तसे म्हणणे घाईचे ठरेल. विलीनीकरणानंतरही पेनवेस्टची विद्यार्थीसंख्या घसरली. कॅलिफोर्निया आणि एडिनबरो यांत दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर आहे. त्यामुळे अनेक तासिका एका परिसरातून दुसऱ्या परिसरात ऑनलाइन घेतल्या जातात. सामना मैदानावर आणि वर्ग मात्र पडद्यावर, अशी ही विचित्र स्थिती. तीन-तीन मैदाने आणि तीन-तीन प्रशिक्षक कशाला, तोच पैसा प्राध्यापकांवर खर्च करा, हा आक्षेपही बिनबुडाचा नाही. केवळ संघ राखल्याने विद्यापीठ वाचत नाही, हे खरेच. पण संघ बुडवून विद्यापीठ वाचते, हेही कोणी सिद्ध केलेले नाही. फरक इतकाच की चुकलेले प्रशासन पुन्हा बदलता येते. एकदा मोडलेला संघ पुन्हा उभा राहणे फार कठीण असते.

आपल्याकडे याचा संबंध काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चा भर बहुविद्याशाखीय संस्थांवर आहे. मुंबईत एल्फिन्स्टन, सिडनहॅम आदी महाविद्यालये एकत्र करून २०१९ मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ स्थापन झाले. इथे प्रश्न उलट्या बाजूने येतो. शेकडो महाविद्यालयांच्या मोठ्या विद्यापीठातून तीन-चार महाविद्यालये बाहेर पडली, तर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्यांनी खेळायचे कोणाशी? नव्या विद्यापीठाचा संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेत थेट उतरू शकतो, ही संधी खरी. पण अकरा चांगले खेळाडू निवडायला आधी चुरशीचे सामने हवेत. मैदान, क्रीडा संचालकाचे पद आणि स्पर्धांचे वेळापत्रक यांची तरतूद स्थापनेच्या आदेशातच हवी. ‘नंतर बघू’ म्हटलेली गोष्ट सरकारी कारभारात सहसा नंतरही बघितली जात नाही.

विलीनीकरणाच्या प्रस्तावात इमारती, पदे आणि निधी यांचे तक्ते असतात. त्यात आणखी एक रकाना घालायला हवा : सध्या खेळणारा विद्यार्थी पुढच्या वर्षी कुठे खेळेल? त्याचे उत्तर लिहिता येत नसेल, तर प्रस्तावावर सही करण्याची घाई करू नये.