‘जेऊन’ की ‘जेवून’?

दिवाळी जवळ आली की आमच्याकडून आजोळी पत्र जाते. यंदा ते काम चौथीतल्या धाकटीने मागून घेतले होते. पत्र पाकिटात घालण्यापूर्वी माझ्या हाती आले. आणि कॉलेजात पेपर तपासून वळण लागलेला हात, तो स्वस्थ कसा बसणार? ‘जेऊन’, ‘ठेऊन’, ‘जावून’ या तिन्हींखाली तांबड्या रेघा पडल्या.

धाकटीचे डोळे भरले. ती आत गेली आणि आजीचे जुने पत्र आणून तिने माझ्यापुढे ठेवले. त्यात आजीने लिहिले होते, ‘सकाळी जेऊन निघा.’

“बाबा, आजीच्या पत्रावरपण रेघ मारा ना!” एवढे म्हणून तिने स्वतःचे पत्र चुरगाळले. “मी नाही लिहिणार आता.”

वाचकहो, तीन चुका सुधारण्याच्या नादात मी एक पत्र गमावले होते.

खरे पाहता ‘जाऊन’ म्हणताना ‘आ’ आणि ‘ऊ’ यांच्यामध्ये ‘व’ची पुसट छटा येतेच. मूल कानावर विसंबून लिहिते आणि फसते. त्याच्या हाती एखादी खूण द्यायला हवी. खूण सोपी आहे : क्रियापदातले ‘णे’ काढून टाका. जेवणे, ठेवणे, धावणे यांत मागे उरते जेव, ठेव, धाव. शेवटचा ‘व’ धातूचाच. म्हणून जेवून, ठेवून, धावून. जाणे, घेणे, होणे यांत उरते जा, घे, हो. तिथे ‘व’ नाहीच, मग आणायचा कुठून? म्हणून जाऊन, घेऊन, होऊन. ‘जेवू’ आणि ‘जाऊ’ यांनाही हाच न्याय. ‘धुवून’ लिहिणारे पुष्कळ भेटतात. पण दोरीवर आपण धुणे वाळत घालतो, ‘धुवणे’ नव्हे! तेव्हा धुऊन.

साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे चौदा आणि १९७२ सालचे चार असे अठरा लेखननियम आहेत. ते मोठ्यांनी जरूर वाचावेत; मुलाला मात्र एका वेळी एकच गोष्ट सांगावी, आणि तीही हातात तांबडी पेन्सिल न घेता.

त्या रात्री चकल्या पाडता पाडता आम्ही ‘णे’ काढण्याचा खेळ खेळलो. “शिवणे?” मी विचारले. “शिव... शिवून!” “पिणे?” “पिऊन!” कढईतला घाणा उतरेपर्यंत तीच मला शब्द घालू लागली.

दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन नवा कागद घेतला. ‘आजी, माझ्यासाठी चार लाडू ठेवून दे. मी येऊन खाईन.’ 

मी हळूच विचारले, “आणि आजीच्या ‘जेऊन’चे काय?”

“राहू दे,” ती म्हणाली, “नाहीतर तीपण पत्र लिहायची नाही.”