न लागलेली जोड

गोदीत दुपारची सुट्टी झाली की आम्ही पोरं शेडच्या सावलीत डबे सोडतो. कोणाच्या तरी मोबाईलवर बॉक्सिंग लावलेलं असतं. मग रोजचाच वाद. हा त्याच्यासमोर आला असता तर? कोणी कोणाला लोळवलं असतं? परवा मी त्यात दोन नावं टाकली. जॉन सलिव्हन आणि पीटर जॅक्सन. एकही नाव कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणून यावेळचं संपादकीय या दोघांवर.

सलिव्हन बॉस्टनचा. गोरा. आयर्लंडहून पोटासाठी आलेल्या मायबापाचं पोर. १८८२ साली हेवीवेटचा चॅम्पियन झाला. १८८९ साली किलरेनशी उघड्या मुठींनी ७५ फेऱ्या लढला आणि जिंकला. दारूच्या गुत्त्यात शिरून म्हणायचा, इथला कोणीही गडी पुढं या, आडवा करतो.

कोणीही म्हणजे गोरा कोणीही.

जॅक्सन काळा. १८६१ साली वेस्ट इंडीजमधल्या सेंट क्रॉय बेटावर जन्मला. तिथली गुलामी उठून जेमतेम १३ वर्षं झाली होती. लहानपणीच ऑस्ट्रेलियाला गेला, जहाजावर खलाशी झाला, सिडनीच्या धक्क्यावर राबला. म्हणजे आपल्याच बिरादरीचा गडी. १८८६ साली ऑस्ट्रेलियाचा चॅम्पियन झाला. १८८८ साली अमेरिकेत आला आणि एकेकाला खाली बसवत निघाला. जोड मागत होता फक्त एकाची. सलिव्हनची.

सलिव्हननं १८९२ साली साऱ्या जगाला जाहीर आव्हान दिलं. त्याच आव्हानात लिहिलं की काळ्याशी मी लढलो नाही, लढणार नाही. झालं. जगातून एक अख्खी जमात वजा झाली आणि उरलेल्या जगाचा हा चॅम्पियन.

आता पोरांचा प्रश्न. लढले असते तर? खेळूया घडीभर. जिम कॉर्बेट नावाचा गोरा गडी दोघांशीही लढला. २१ मे १८९१ ला सॅन फ्रान्सिस्कोत जॅक्सनशी. ६१ फेऱ्या झाल्या. दोघांत त्राण उरलं नाही, झुंज निकालाविना थांबवली. त्याच कॉर्बेटनं ७ सप्टेंबर १८९२ ला न्यू ऑर्लिन्सला सलिव्हनला २१ व्या फेरीत झोपवलं. हिशेब उघड दिसतो. पण खरं बोलायचं तर हिशेब इतका सोपा नाही. तो सलिव्हन दारूनं सुटलेला, तीन वर्षं खऱ्या झुंजीत न उतरलेला. दहा वर्षांआधीचा सलिव्हन म्हणजे सांड. त्याचा उजवा ठोसा लागला की माणूस उठायचा नाही. जॅक्सन उंच, पायानं हलका, डाव्या हातानं समोरच्याला लांब ठेवणारा. पहिल्या चार-पाच फेऱ्या टिकला असता तर पुढची झुंज त्याची. पण टिकला असता का?

इथं मी थांबतो. निकाल देत नाही. मनातल्या मनात जॅक्सनला जिंकवून टाळ्या पिटणं म्हणजे उपाशी पोराला अंगाई म्हणणं. त्या झुंजीचा निकाल लागून गेलेला आहे. जो उतरला नाही, पट्टा त्याच्याकडं राहिला. जो जोड मागत फिरला, तो १९०१ साली ऑस्ट्रेलियात क्षयानं मेला. वय चाळीस. पुस्तकात त्या झुंजीची ओळ नाही, कारण नकाराची नोंद होत नसते.

बॉक्सिंग तिकडलं, पण हा डाव आपल्या मातीतलाही. बाळू पालवणकर चांभाराचा पोरगा. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यानं ११४ बळी घेतले. पण हिंदूंच्या संघाचं कप्तानपद त्याला कधी मिळालं नाही. ते त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळालं, १९२३ साली. चेंडू चालला, हुकूम चालला नाही.

आणि आमच्या मेहकर तालुक्यातलं. माझा आजा पहिलवान होता. जत्रेतल्या दंगलीची गोष्ट मरेपर्यंत सांगायचा. "मी शड्डू ठोकला. समोरचा पोट्टा खाली पाहे. पंच म्हने, याची जोड नाही. अन् फेटा त्यालेच बांधला. जोड तं होती रे बापा. त्याले माह्या अंगाची माती नको होती." त्याच दंगलीत डफडं वाजवायला मात्र आपलीच माणसं लागायची.

आता कडू गोष्ट. गोड तेवढंच छापायचं असेल तर मासिक कशाला?

२६ डिसेंबर १९०८. जॅक्सन ज्या सिडनीत राबला त्याच सिडनीत जॅक जॉन्सननं टॉमी बर्न्सला इतकं बडवलं की १४ व्या फेरीत पोलिसांनी झुंज थांबवली. हेवीवेटचा पहिला काळा जगज्जेता. हाही गॅल्वेस्टनच्या गोदीत राबलेला. आपली छाती फुगते. पण पुढं वाचा. सॅम लँगफर्ड नावाचा दुसरा काळा गडी जॉन्सनकडं जोड मागत राहिला. १९०६ साली दोघे एकदा लढले होते, जॉन्सन जिंकला होता. पण पट्टा कमरेला आल्यावर, १९१५ पर्यंत, जॉन्सननं लँगफर्डला पट्ट्यासाठी उभं केलं नाही. गोऱ्याशी लढण्यात पैसा जास्त होता. लँगफर्ड पुढं आंधळा झाला. १९४४ साली एका पत्रकाराला तो न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये एका खोलीत कंगाल सापडला.

वर चढलेला आपलाच माणूस शिडी ओढून घेतो, हे बुलडाण्याच्या पोरांना मी काय सांगू? तुम्ही रोज बघता. मागच्याला उभं राहू द्यायची वेळ आली की आपल्यातलाही एखादा म्हणतो, याची जोड नाही. तेव्हा तो जॉन्सन राहत नाही, सलिव्हन होतो.

तर दोस्तहो, कोण जिंकलं असतं हे विचारणं पुरे. जोड कोणी मोडली ते विचारा. मेहकर, चिखली, खामगाव, सिंदखेडराजा, प्रत्येक तालुक्यात अशा न लागलेल्या जोडी पडून आहेत. आखाड्यातल्या, शाळेतल्या, भजनी मंडळातल्या, ग्रामपंचायतीतल्या. म्हाताऱ्यांजवळ बसा. नाव, गाव, साल लिहून घ्या. शड्डू कोणी ठोकला अन् खाली कोण पाहत राहिलं, दोन्ही लिहा. आपल्याच वाड्यातल्या माणसानं जोड मोडली असेल तर तेही लिहा, लाजू नका. अक्षर कसंही असो, आम्ही छापू.

माझ्या आज्यापासून सुरुवात केली आहे. आता तुमचा आजा.

जय भीम.