गाडी जपाल, मेकॅनिकचं काय?

बर्मिंगहॅममध्ये एक मोकळा दिवस मिळाला, तर मोटरसायकलवेड्या माणसानं कुठे जावं हे वेगळं सांगावं लागत नाही. विमानतळाच्या जवळ, सॉलिहलच्या हद्दीत, नॅशनल मोटरसायकल म्युझियम आहे. १९८४ साली उघडलेलं. हजाराच्या आसपास गाड्या आणि सगळा भर ब्रिटिश गाड्यांवर. नॉर्टन, ट्रायम्फ, बीएसए, व्हिन्सेंट, एरियल, मॅचलेस. सकाळी आत गेलेला माणूस दुपारचं जेवण विसरतो. मीही विसरलो.

संध्याकाळी फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकले. मिनिटाभरात बदाम आले, आगीचे इमोजी आले आणि चार जणांकडून जवळजवळ एकच वाक्य आलं : "अशा गाड्या आता बनत नाहीत, भावा."

माझं भांडण या वाक्याशी आहे.

अशा गाड्या बनत नाहीत ते बरंच आहे. या गाड्या तेल गाळायच्या. त्यांच्या इंजिनाची खालची पेटी उभी दोन भागांत जोडलेली असायची आणि त्या सांध्यातून तेल झिरपायचं. जपान्यांनी हा सांधा आडवा केला. १९६९ साली होंडाची सीबी ७५० आली. चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, बटण दाबलं की सुरू, आणि खाली तेलाचा डाग नाही. एके काळी जगातली सर्वांत मोठी मोटरसायकल कंपनी असलेली बीएसए त्यानंतर पाचेक वर्षांतच संपली. ब्रिटिश कंपन्या भावनेच्या अभावी बुडाल्या नाहीत. जुन्या मालावर नवा रंग मारून किती दिवस विकता येईल, याचा त्यांचा हिशोब चुकला.

मग या गाड्या आजपर्यंत टिकल्या कशा? त्याचं उत्तर याच म्युझियमच्या इतिहासात आहे. सप्टेंबर २००३मध्ये इथे मोठी आग लागली. पाचपैकी तीन दालनं गेली. साडेतीनशेहून जास्त गाड्या जळाल्या. कित्येकांचे नुसते काळे सांगाडे उरले. पुढच्या वर्षाअखेरीस, डिसेंबर २००४मध्ये, म्युझियम पुन्हा उघडलं आणि जळालेल्यांपैकी बऱ्याच गाड्या पुन्हा उभ्या राहिल्या.

म्हणजे आपण ज्यांच्यासमोर उभं राहून 'ओरिजिनल, ओरिजिनल' म्हणतो, त्यांतल्या कितीतरी गाड्या कुणीतरी दुसऱ्यांदा घडवलेल्या आहेत. कुणीतरी लेथवर बसून भाग कातले, कुणी टाकी ठोकून सरळ केली, कुणी जुन्या पुस्तिकेतली मापं बघून चाकाच्या तारा ओढल्या. हे शक्य झालं कारण या गाड्या उघडता येत होत्या, त्यांची मापं माहीत होती आणि ती वाचणारे हात जिवंत होते. या गाड्या मजबूत होत्या म्हणून टिकल्या नाहीत, त्या दुरुस्त होत होत्या म्हणून टिकल्या.

आता आपल्याकडे या. या सगळ्या ब्रिटिश नावांचं पुढे काय झालं, हे ठाऊक असेलच. रेडिचची एनफिल्ड १९५५ साली मद्रासला आली आणि तिथलीच झाली. नॉर्टन २०२० साली टीव्हीएसनं घेतली आणि तिचा नवा कारखाना याच सॉलिहलमध्ये उभा केला. बीएसएचं नाव महिंद्रांच्या क्लासिक लेजंड्सकडे आहे. ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या गाड्या २०२३पासून बजाज चाकणला बनवतं. छाती फुगवायला एवढं पुरेसं आहे आणि आपण ती फुगवतोच.

पण नाव विकत घेता येतं, हात विकत घेता येत नाहीत. आणि हात तर आपल्याकडे आधीपासूनच होते. १९७२च्या सुमारास बजाजची चेतक आणि फिरोदियांची लूना रस्त्यावर आल्या. पुढची तीसेक वर्षं महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्याच्या गावात एसटी स्टँडजवळ एक पत्र्याचं गॅरेज असायचं. चेतक सुरू झाली नाही की आधी ती एका कुशीवर कलती करायची आणि मग किक मारायची, हे आपल्या वडिलांना कुणी कंपनीनं शिकवलं नव्हतं. प्लगवरची काजळी पॉलिश पेपरनं घासायची, पॉइंटमधलं अंतर नजरेनं धरायचं, रिंगा गेल्या की सिलिंडर बोअर करून घ्यायचा. नुसत्या आवाजावरून 'टॅपेट वाजतायत' असं सांगणारा माणूस त्या पत्र्याखाली बसलेला असायचा. त्यानं गाडी जगवली आणि गाडीनं घर चालवलं. दूधवाला, मास्तर, विमा एजंट, एलआयसीच्या हप्त्याआधी गाडीचं काम काढणारे सगळे त्याच्याच उधारीवर होते.

त्या गॅरेजचं गोडवं गाण्याचा माझा इरादा नाही. तिथे शाळा सोडून आलेला एक 'छोटू' पेट्रोलमध्ये हात बुडवून सुटे भाग धूत बसलेला असायचा. पगार नाही, विमा नाही, सुट्टी नाही. दोन स्ट्रोकच्या धुरानं शहरं काळी झाली, हेही खरंच. त्या काळात परत जावं असं शहाणा माणूस म्हणणार नाही.

राग वेगळ्या गोष्टीचा आहे. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं. बहुतेक गाड्यांमधून कार्ब्युरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन, सेन्सर, कॉम्प्युटर आले. हवेसाठी ते गरजेचंच होतं. पण त्याबरोबर गाडीची चावीही हळूच आपल्या हातातून गेली. आता पिवळा दिवा लागला की बिघाडाचा कोड वाचायला यंत्र लागतं. ते घेणं कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला परवडेलच असं नाही, आणि घेतलं तरी काही कामं कंपनीच्याच सॉफ्टवेअरवर अडतात. 'शोरूमला घेऊन जा' हे वाक्य ज्या माणसानं तीस वर्षांत कधी उच्चारलं नव्हतं, तो आता ते रोज म्हणतो. धूर कमी करण्यासाठी हे गरजेचं नव्हतं. सेन्सर हवेसाठी आहे, कुलूप धंद्यासाठी आहे.

आणि या कुलूपबंद यंत्रावर आपल्याला काय विकलं जातं? गोल हेडलाइट, थेंबाच्या आकाराची टाकी, तारांची चाकं, लेदरसारखी सीट. बाहेरून १९६५ आणि आतून सील. जुन्या गाडीचं जे सोसावं लागायचं तेवढंच काढून टाकलं असतं तर तक्रार नव्हती. तिच्यातली खरी मोलाची गोष्ट, म्हणजे मालकाला आणि त्याच्या मेकॅनिकला ती उघडता येणं, तीच काढून घेतली आणि चेहरा तेवढा ठेवला. त्या चेहऱ्यासाठी आपण जास्तीचे पैसे मोजतो आणि हॅशटॅग लावतो 'व्हिंटेज'.

कुणी म्हणेल, अनाडी हातात ब्रेक आणि एबीएस गेले तर अपघात होतील. बरोबर आहे. म्हणूनच हात अनाडी राहू नयेत. आयटीआयमध्ये चालू गाड्यांची यंत्रं द्या, छोटूला शाळेत आणि नंतर प्रशिक्षणाला पाठवा. पण शिकायचं साधनच कंपनीच्या तिजोरीत ठेवायचं आणि मग हात अनाडी आहेत म्हणून बोट दाखवायचं, हा लबाडपणा झाला.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ साली मतदारांनी कौल दिला की गाडीच्या दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजलाही मिळालीच पाहिजे. आपल्याकडे केंद्र सरकारनं २०२२ साली 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं आणि त्यात वाहनंही घेतली. सुरुवात म्हणून ठीक. पण पोर्टल म्हणजे हक्क नव्हे. मागणी साधी आहे : सर्व्हिस मॅन्युअल सर्वांना खुलं, सुटे भाग वाजवी दरात कुणालाही, आणि निदानाचं सॉफ्टवेअर परवानाधारक स्वतंत्र गॅरेजला. गाडीची किंमत पूर्ण मोजली असेल तर ती उघडण्याचा हक्कही त्यात आला पाहिजे.

तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय, त्याची बॅटरी बहुधा चिकटवलेली आहे. ती बदलण्याऐवजी फोनच बदलायची सवय आपल्याला लागली. गाडीलाही तीच सवय लागते आहे.

म्युझियमला जरूर जा. पण फोटोखाली 'अशा गाड्या आता बनत नाहीत' असं लिहिण्याआधी थोडा विचार करा. समजा २०८३ साली एखाद्या म्युझियममध्ये आजची आपली लाडकी गाडी उभी आहे आणि तिथे आग लागली. टाकी ठोकून सरळ करता येईल, तारा ओढता येतील, सीट शिवता येईल. मग कुणीतरी बटण दाबेल. गाडी गप्प राहील, कारण तिचा कोड एका कंपनीच्या सर्व्हरवर होता आणि तो सर्व्हर बंद होऊन चाळीस वर्षं झाली.