‘ओरिजिनल’ चौघे

दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’चा विषय निघाला की जुने चाहते डिसेंबर २००९पाशी अडून बसतात. असीम चक्रवर्ती गेला, बँड संपला. २०१३मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडल्यावर तर बोलायलाच नको. आताचे पाच जण म्हणजे म्हणे नुसता कव्हर बँड.

मला हे साफ नामंजूर आहे. ज्या चौघांना ‘ओरिजिनल’ म्हणतात, ते तरी कुठे पहिले? सुस्मित आणि असीमने १९९०मध्ये सुरुवात केली. राहुल राम १९९१मध्ये आला, अमित किलम १९९४मध्ये. म्हणजे २०००चा ‘कंदिसा’सुद्धा बदललेल्या संचाचाच. तुमच्या कॉलेजच्या दिवसांत जे वाजत होतं ते मूळ, बाकी सगळं नकली!

असीमची जागा भरली असं मी म्हणत नाही. (माणूस गेला की ‘रिसोर्स’ बदलायचा, ही आमच्या आयटीतली भाषा.) तबला वाजवता वाजवता गाणारा तो एकटा, आज हिमांशू जोशी गातो आणि तबल्यावर तुहीन चक्रवर्ती असतो. एकाच्या कामाला दोघे लागले. पण त्यांनी असीमची नक्कल कशाला करायची? ‘मा रेवा’ हे नर्मदाकाठचं लोकगीत, राहुल राम आंदोलनात होता तिथून आलेलं. खोऱ्यातल्या लोकांचं गाणं दिल्लीच्या बँडने गायलेलं चालतं, मग त्याच बँडमधला नवा आवाज का खुपतो?

रेवदंड्यात आमच्या आळीच्या भजनी मंडळात पखवाजावर तिसरी पिढी आहे. मूळ संच आणा, असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. बुवा बेसूर झाले तर मात्र तोंडावर सांगतात. हिमांशूलाही तसं सांगा की. फक्त त्याआधी २०२३चा ‘तू है’ ऐका.