एकोणसत्तर पानांचा पुडा

गेल्या जुलैत तिसरीच्या वर्गात पळसाची पानं पसरून मुलांसोबत जमिनीवर बसलो होतो. एका मुलीचे अब्बू दारात आले. थोडा वेळ बघून म्हणाले, "सर, पत्ते गिनने से बचाने के लिए ही तो स्कूल में डाला है."

त्यांचा राग खोटा नव्हता. आमच्या आरमोरी भागात उन्हाळा म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. ७० पानांचा एक पुडा आणि मजुरी १०० पुड्यांमागे. ही मुलगी सुट्टीत अम्मीसोबत पुडे बांधते. तिच्या हातून एक पान कमी पडत नाही. पण फळ्यावर 'एकोणसत्तर' लिही म्हटलं की ती ७९ लिहिते. कानावर 'सत्तर' पडतं, म्हणून आधी ७. हाताला येतं ते डोक्यात आणि कागदावर पोहोचलेलंच नाही.

म्हणून हा खेळ. दहा-दहा पानांच्या सात जुड्या मांडायच्या. मुलं डोळे मिटतात, मी एक पान चोरतो. किती उरली? आधी उर्दूत सांगा, मग मराठीत. उनहत्तर. एकोणसत्तर. दोन्ही भाषा एकच सांगतात : सत्तरला एक उणं. सहा जुड्या आणि नऊ सुटी पानं समोर दिसतात, मग ६९ लिहिताना हात चुकत नाही. पुढे मुलंच पकडतात की उर्दू ८९ ला 'नवासी' म्हणून ही वाट सोडते आणि मराठी ९९ ला.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनपद्धत आली, तेव्हा विधानसभेपर्यंत वाद गेला. मंगला नारळीकरांची थट्टा झाली. मुलांची अडचण त्यांनी बरोबर ओळखली होती. आपण मात्र भाषेच्या इभ्रतीवर भांडत बसलो.

आता माझ्या शिक्षक बांधवांना चार शब्द. बीएडच्या पाठ टाचणात आपण 'प्रस्तावना' लिहायचो. २०२१ मध्ये निपुण भारत आलं आणि तिथे 'कृती' आली. टाळ्या, उड्या, गाणं, फोटो, फोटो ग्रुपवर. मग, "चला, वह्या काढा." म्हणजे खेळ संपला, आता गणित. असला खेळ मुलांना एवढंच शिकवतो की गणित कडू आहे, आधी गूळ खाऊन घ्या. माझी कसोटी सोपी आहे. खेळ काढून टाकला तर पाठ अडला पाहिजे. अडत नसेल, तर तो वेळेचा अपव्यय आहे आणि त्या अब्बूंचं म्हणणं खरं आहे.

अब्बूंना मी म्हणालो, "पुडे तुमच्या घरचे बांधतात, पण वहीत आकडा मुन्शी लिहितो. तो आकडा वाचून चूक दाखवणारं घरात कोणी आहे?" ते गप्प राहिले. पटलं की नाही, देव जाणे.

पालकांनो, पालकसभेत 'किती धडे झाले' हे जरूर विचारा. पण त्याआधी घरी मुलापुढे कागद ठेवा आणि म्हणा, उनहत्तर लिहून दाखव. ७९ आलं, तर झालेल्या धड्यांचा हिशोब आमच्याकडे मागा.